मधुमेही वार्धक्य आणि वांशिक भेद : हृदय व चयापचयाच्या जोखमीचा आढावा

मधुमेह झालेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका अधिक असतो हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे; परंतु हा वाढीव धोका सर्व मानवसमूहांत सारख्याच प्रमाणात आणि सारख्याच रूपात आढळतो का, हा प्रश्न त्या मानाने उशिरा विचारला गेला आणि त्याचे उत्तर आजही एका वाक्यात देता येत नाही. १९९८ साली फिनलंडमधून प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, पूर्वी कधीही हृदयविकाराचा झटका न आलेल्या मधुमेहींपैकी सुमारे २० टक्क्यांना सात वर्षांत झटका आला, तर मधुमेह नसलेल्या पण एक झटका येऊन गेलेल्या लोकांत हेच प्रमाण सुमारे १९ टक्के भरले. मधुमेह होणे म्हणजे एक झटका येऊन जाण्यासारखेच मानावे, हे सूत्र त्यावरून रूढ झाले आणि जगभरच्या उपचारपद्धतींत शिरले. ज्या लोकसमूहातून हे सूत्र निघाले तो उत्तर युरोपातला, बराचसा एकजिनसी आणि मुळातच हृदयविकाराचे प्रमाण मोठे असलेला होता, ही गोष्ट मात्र सूत्र वापरताना सहसा ध्यानात घेतली गेली नाही.

हृदय व चयापचयाची जोखीम या संज्ञेत रक्तातील साखर, रक्तदाब, रक्तातील मेदद्रव्ये, पोटाभोवती साठलेली चरबी आणि मूत्रपिंडाचे आरोग्य या परस्परांत गुंतलेल्या गोष्टींचा एकत्र विचार होतो, कारण हृदयाच्या, मेंदूच्या आणि पायांच्या रक्तवाहिन्या त्यांच्याच एकत्रित परिणामाने अरुंद होत जातात. ‘वांशिक गट’ ही संज्ञा त्याहून निसरडी आहे. बहुतेक अभ्यासांत माणूस स्वतःची जी ओळख सांगतो तीच नोंदली जाते, आणि त्या ओळखीत पूर्वजांकडून आलेली जनुके, बालपणीचे पोषण, स्थलांतराचा इतिहास, आहार, उत्पन्न आणि समाजाकडून मिळालेली वागणूक हे सारे एकवटलेले असते. पंजाबी शेतकऱ्याचा नातू, सिल्हेटहून लंडनला गेलेला बांगलादेशी कामगार आणि श्रीलंकेचा तमिळ शिक्षक हे तिघेही ‘दक्षिण आशियाई’ या एकाच रकान्यात बसवले जातात. म्हणून अशा रकान्यांवरून काढलेला कोणताही निष्कर्ष सावधपणेच वाचला पाहिजे.

या विषयातले सर्वांत भरीव काम पश्चिम लंडनच्या साउथॉल आणि ब्रेंट भागांत झाले. १९८८ ते १९९१ या काळात ४० ते ६९ वर्षे वयाच्या युरोपीय, दक्षिण आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या सुमारे पाच हजार रहिवाशांची तपासणी झाली, आणि १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मॅककीग, शाह आणि मार्मट यांनी जे प्राथमिक निष्कर्ष मांडले त्यांत दक्षिण आशियाई लोकांमध्ये मधुमेहाचे प्रमाण १९ टक्के आणि युरोपीय लोकांमध्ये ४ टक्के आढळले. या तफावतीचा संबंध त्यांनी पोटाभोवतीच्या चरबीशी आणि इन्शुलिन-रोधाशी, म्हणजे शरीरात इन्शुलिन असूनही स्नायू व यकृत त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत अशा अवस्थेशी जोडला. याच लोकांचा वीस वर्षांनी पुन्हा मागोवा घेण्यात आला, तेव्हा आरंभी मधुमेह नसलेल्या युरोपीयांपैकी सुमारे १४ टक्क्यांना, आफ्रिकी-कॅरिबियनांपैकी सुमारे ३० टक्क्यांना आणि भारतीय वंशाच्या लोकांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना दरम्यान मधुमेह झाल्याचे दिसले. स्त्रियांमधली तफावत मध्यम वयातल्या इन्शुलिन-रोधाने व धडाभोवतीच्या चरबीने बऱ्याच अंशी उलगडली, पुरुषांमधली मात्र पुरती उलगडली नाही. याचा अर्थ ज्या कारणांवर सर्वाधिक बोट ठेवले जाते त्यांच्या पलीकडेही काही कारणे आहेत, हे त्या संशोधकांनी मान्य केले.

मधुमेहाच्या प्रमाणात दक्षिण आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन हे दोन्ही गट जवळजवळ बरोबरीचे असताना हृदयाच्या बाबतीत ते विरुद्ध टोकांना गेले, हा या पाठपुराव्यातला खरा बोलका निष्कर्ष होय. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा विकार दक्षिण आशियाई गटात युरोपीयांपेक्षा जास्त आणि आफ्रिकी-कॅरिबियन गटात युरोपीयांपेक्षा कमी आढळला. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र या दोन्ही गटांची स्थिती युरोपीयांपेक्षा वाईट होती आणि ही वाईट स्थिती मधुमेह असलेल्यांमध्ये विशेष ठळक होती. म्हणजे साखर वाढण्याचा विकार एकच असला, तरी त्याचा घाव कोणत्या अवयवावर पडेल हे गटागटानुसार बदलते. ‘कोणत्या वंशाला धोका अधिक’ असा प्रश्न विचारला की हा फरक दडून जातो. ‘कोणत्या वंशात कोणता अवयव आधी हार मानतो’ हा प्रश्न अधिक नेमका आहे.

मधुमेह झालेल्यांचीच आपसांत तुलना केली की चित्र आणखी पालटते. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९१ या काळात नव्याने निदान झालेल्या ५,१०२ रुग्णांना घेऊन जो मोठा मधुमेह अभ्यास झाला, त्यात आफ्रिकी-कॅरिबियन रुग्णांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत बराच कमी होता, आणि भारतीय वंशाच्या रुग्णांचा धोका गोऱ्यांहून वेगळा असल्याचे दिसले नाही. उलट साउथॉलमध्येच मधुमेहींच्या दुसऱ्या एका अकरा वर्षांच्या पाहणीत दक्षिण आशियाई मधुमेहींचा मृत्युदर युरोपीय मधुमेहींच्या सुमारे दीडपट भरला होता. हा विरोध वरवर गोंधळात टाकणारा असला तरी त्यामागे एक संभाव्य कारण आहे. पहिल्या अभ्यासात सगळ्यांचे निदान नुकतेच झालेले होते, म्हणजे आजाराच्या मुदतीच्या दृष्टीने सगळे एकाच रेषेवर उभे होते. वस्तीत आधीपासून असलेल्या मधुमेहींची मोजणी करताना मात्र कुणी पाच वर्षे तर कुणी वीस वर्षे आजार बाळगून असतो, आणि भारतीय वंशाच्या लोकांत मधुमेह साधारणपणे एक दशक आधी सुरू होत असल्याने जुना आजार असलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात अधिक असते.

अमेरिकेतल्या उत्तर कॅलिफोर्नियात एकाच विमायोजनेखाली उपचार घेणाऱ्या ६२,४३२ मधुमेहींची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली आणि तिने प्रचलित समजुतींना धक्का दिला. डॉक्टर, औषधे आणि तपासण्या सर्वांना उपलब्ध असलेल्या या समूहात कृष्णवर्णीय, आशियाई आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या मधुमेहींना हृदयविकाराचे झटके गोऱ्या मधुमेहींपेक्षा कमी आले. परंतु मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसची पाळी येण्याचे प्रमाण या तिन्ही गटांत गोऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त राहिले, कृष्णवर्णीयांत तर ते सुमारे दुप्पट होते. पाय कापावा लागण्याचे प्रमाण आशियाई रुग्णांत गोऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होते. वैद्यकीय सेवा समान केली की सगळे भेद मिटतील अशी अपेक्षा येथे पुरी झाली नाही. तसेच अल्पसंख्य गटांची अवस्था सर्वच बाबतींत वाईट असते ही धारणाही टिकली नाही.

आफ्रिकी वंशाच्या लोकांमधला विरोधाभास या क्षेत्रात विशेष चर्चिला गेला आहे. त्यांच्यात इन्शुलिन-रोध पुष्कळ असतो, तरीही ट्रायग्लिसराइड हे मेदद्रव्य कमी, संरक्षक मानले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल चांगले आणि यकृतात व आतड्यांभोवती साठणारी चरबी तुलनेने अल्प असते. हृदयाच्या धमन्यांना मिळणाऱ्या सापेक्ष संरक्षणाचे हे एक संभाव्य कारण आहे. परंतु उच्च रक्तदाब या गटात लवकर सुरू होतो आणि तीव्र असतो, म्हणून मेंदूला व मूत्रपिंडांना हे संरक्षण मिळत नाही. पूर्व आशियाचे चित्र वेगळ्या कारणांनी यासारखेच दिसते : जपान व चीनमध्ये मधुमेहींना हृदयविकारापेक्षा पक्षाघाताचा धोका परंपरेने अधिक राहिला आहे.

अॅरिझोना राज्यातील गिला नदीकाठच्या पिमा आदिवासींचा अभ्यास १९६५ मध्ये सुरू झाला आणि अनेक दशके चालला. जगात मधुमेहाचे जे सर्वाधिक प्रमाण नोंदले गेले त्यांत या जमातीची गणना होते, आणि असे असूनही १९९० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात हृद्‌रोगाने होणारे मृत्यू त्यांच्यात अपेक्षेपेक्षा फार कमी आढळले. मूत्रपिंडांच्या विकाराने मात्र त्यांना गाठले होते. इतर अमेरिकी आदिवासी जमातींच्या पाहणीत पुढे हृदयविकाराचे प्रमाण वाढत चालल्याचे दिसले, म्हणजे असे संरक्षण असलेच तर ते कायमचे नसते. याच पिमांचे रक्ताचे नातलग मेक्सिकोच्या डोंगराळ सोनोरा प्रांतात राहतात, अंगमेहनतीची शेती करतात आणि साधे अन्न खातात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अमेरिकी पिमांमध्ये मधुमेह ३८ टक्के तर मेक्सिकोतल्या पिमांमध्ये ६.९ टक्के आढळला. जनुकांना सर्वस्वी दोष देणाऱ्या प्रत्येक विवेचनाने या दोन आकड्यांचे उत्तर देणे बंधनकारक आहे.

मॉरिशसचा अनुभव याहूनही शिकवणारा आहे. या बेटावर भारतीय, चिनी आणि आफ्रिकी मिश्र रक्ताचे क्रिओल असे गट पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहत आले असून भारतीय वंशाच्या लोकांत मराठीभाषकांचे वंशजही आहेत. १९८७ च्या राष्ट्रीय पाहणीत या सर्वच गटांमध्ये मधुमेहाचे प्रमाण मोठे आढळले. ज्या चिनी वंशाच्या लोकांना त्या काळी मधुमेहापासून सुरक्षित समजले जाई, तेही अपवाद ठरले नाहीत. त्याच सुमारास तेथील सरकारने शिधावाटपातील पामतेलाच्या जागी प्रामुख्याने सोयाबीनचे तेल आणले आणि १९८७ ते १९९२ या पाच वर्षांत लोकसंख्येचे सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. अशी घसरण औषधाने घडवायची तर लाखो लोकांना रोज गोळी द्यावी लागली असती. मधुमेहाचे प्रमाण मात्र त्यामुळे कमी झाले नाही. एकाच देशात एकाच काळात जोखमीचा एक घटक धोरणाने खाली येतो आणि दुसरा जागचा हलत नाही, हे पाहिल्यावर ‘जोखीम’ या शब्दाखाली सर्व घटक एका गाठोड्यात बांधण्याची सवय किती फसवी आहे हे कळते.

दक्षिण आशियाई शरीराच्या जडणघडणीविषयीचे मूलभूत काम पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली : उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. ही तफावत जन्मापासूनच असते हे पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासाने दाखवून दिले. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते, तरी पुण्याकडच्या हडकुळ्या बाळांनी स्नायू व इतर अवयव गमावूनही कातडीखालची चरबी बरीच राखून ठेवलेली होती. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो येथील ९०६ दक्षिण आशियाई प्रौढांच्या ‘मसाला’ नावाच्या अभ्यासात मधुमेह २३ टक्के निघाला, तर तुलनेसाठी घेतलेल्या गोऱ्यांत तो ६, चिनी वंशीयांत १३, लॅटिन अमेरिकींत १७ आणि कृष्णवर्णीयांत १८ टक्के होता. आतड्यांभोवतीची, यकृतातली आणि स्नायूंच्या आतली चरबी जास्त आणि स्नायूंचे वस्तुमान कमी, हा पुण्याच्या बाळांतल्या साच्याशी जुळणारा नमुना सागरापार गेलेल्या सुशिक्षित, सुस्थित प्रौढांतही कायम होता.

या ज्ञानाचा व्यवहारातला पहिला परिणाम वजनाच्या मर्यादांवर झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे बीएमआयचे कृतिबिंदू सुचवले. पुढे इंग्लंडमधील सुमारे १४.७ लाख लोकांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये असे दिसले, की गोऱ्या लोकांत ३० बीएमआयला मधुमेहाचा जो धोका असतो तोच दक्षिण आशियाई लोकांत २३.९ ला, अरबांत २६.६ ला, चिनी वंशीयांत २६.९ ला आणि कृष्णवर्णीयांत २८.१ ला येऊन ठेपतो. वार्धक्यात मात्र हे आकडेही अपुरे पडतात. वयाबरोबर स्नायू झिजतात, उंची थोडी घटते, चरबी पोटाकडे सरकते, आणि वजनकाट्यावर तोच आकडा दिसत असताना शरीराची रचना आतून पालटलेली असते. मुळातच स्नायू कमी असलेल्या भारतीय वृद्धाला ही झीज लवकर भोवते. म्हणून सत्तरीच्या मधुमेही माणसाचे ‘वजन उतरले’ ही बातमी नेहमीच आनंदाची नसते, आणि अशा वेळी कंबरेचा घेर व हाताच्या पकडीची ताकद ही दोन साधी मापे बीएमआयपेक्षा अधिक सांगून जातात. स्नायुक्षयाचा अभ्यास करणाऱ्या आशियाई कार्यगटाने २०१९ मध्ये पकडीच्या ताकदीची किमान मर्यादा पुरुषांसाठी २८ किलो आणि स्त्रियांसाठी १८ किलो ठेवली, ती याच गरजेपोटी.

वृद्धांच्या अभ्यासात आणखी एक अडचण असते आणि ती आकड्यांच्या मुळाशीच बसते. ‘इंटरहार्ट’ या बहुराष्ट्रीय अभ्यासात हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियाई देशांत ५३ वर्षे आणि इतर देशांत ५८.८ वर्षे आढळले. ज्या समाजात माणसे पन्नाशीतच झटक्याने दगावतात, त्या समाजातले सत्तरी गाठलेले मधुमेही हे आधीच्या चाळणीतून वाचलेले लोक असतात. त्यांची तुलना ज्या समाजात असे अकाली मृत्यू कमी होतात तेथील सत्तरीच्या लोकांशी केली, तर भेद कमी भासतो किंवा उलटही दिसू शकतो. स्थलांतरितांच्या बाबतीत निरोगी माणसेच मुळात परदेशी जातात आणि काही आजारी वृद्ध मायदेशी परततात, यामुळेही नोंदी कलतात. वृद्धापकाळी वांशिक भेद ‘कमी होतात’ असे जे विधान अनेकदा वाचायला मिळते, त्याची सत्यता या चाळणीचा हिशेब केल्याशिवाय ठरवता येणार नाही.

साखरेचे मापही सर्वांसाठी निरपवाद नाही. गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या लाल पेशींवर अवलंबून असल्याने पेशींचे आयुष्य कमी-अधिक झाले की आकडा चुकतो. साखरेची पातळी तीच असताना कृष्णवर्णीय रुग्णांचा आकडा गोऱ्यांपेक्षा किंचित जास्त येतो, तर सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या आफ्रिकी-अमेरिकी व्यक्तींमध्ये तो सुमारे ०.३ ने कमी आल्याचे २०१७ मध्ये दाखवले गेले. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलचे जनुक बऱ्याच लोकांत आहे, आणि लोहाच्या कमतरतेने होणारा, हा आकडा वाढवू शकणारा रक्तक्षय तर राज्यभर आहे. तेव्हा या भागांतल्या वृद्धाचा केवळ एक एचबीए१सी पाहून औषध वाढवणे धोक्याचे ठरू शकते, कारण वार्धक्यात साखर एकाएकी उतरणे ही साखर थोडी वाढलेली असण्यापेक्षा कितीतरी घातक गोष्ट असते.

औषधांच्या बाबतीत वंशाचा विचार कुठे करावा आणि कुठे करू नये, याचे भान अलीकडे वाढले आहे. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या रोसुव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी आशियाई लोकांत गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट होते, म्हणून २००५ पासून अमेरिकी औषध प्रशासनाने त्यांच्यासाठी ५ मिलिग्रॅमपासून आरंभ करण्याचा सल्ला दिला. हा भेद मोजता येणारा आणि उपयोगी आहे. मूत्रपिंडांची क्षमता काढण्याच्या सूत्रातली कृष्णवर्णीयांसाठीची वेगळी दुरुस्ती मात्र २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली, कारण तिच्यामुळे त्यांचा आजार सौम्य भासून उपचार लांबण्याची भीती होती. हृदयविकाराचा भावी धोका वर्तवणाऱ्या सूत्रांचे तर दोन परस्परविरोधी मार्ग दिसतात : इंग्लंडच्या २००८ च्या सूत्रात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे वेगवेगळे गट आणि वस्तीची गरिबी हे दोन्ही घटक धरले गेले, तर अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ च्या नव्या सूत्रातून वंश पूर्णपणे वगळला. यांपैकी इंग्लंडचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात वंशाबरोबर गरिबीही उघडपणे मोजली जाते आणि एकाचा दोष दुसऱ्यावर जात नाही. तरीही परदेशी गेलेल्या भारतीयांवरून बनवलेले सूत्र भारतातल्या वृद्धाला जसेच्या तसे लागू होईल असे मानणे चुकीचे आहे.

भारतात हा प्रश्न परदेशी वंशगटांच्या तुलनेपुरता राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १०.१ कोटी आणि प्रमाण ११.४ टक्के असल्याचे सांगितले, आणि राज्यांमध्ये गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के म्हणजे सर्वाधिक भरले. एकाच देशातल्या राज्याराज्यांत इतकी तफावत असताना ‘भारतीय’ हा एक गट धरून केलेले अनुमान गोव्याच्या किनाऱ्यावरच्या निवृत्त माणसाला, विदर्भातल्या शेतमजूर वृद्धेला आणि मुंबईच्या चाळीतल्या माणसाला सारखेच उपयोगी पडणार नाही.

इतक्या अभ्यासांतून वृद्ध मधुमेह्याच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक म्हणून जी गोष्ट पुढे येते, ती माणसाच्या वयापेक्षा त्याच्या मधुमेहाचे वय ही होय. भारतीय वंशाचा सत्तर वर्षांचा माणूस अनेकदा पंचवीस वर्षांचा मधुमेह घेऊन उभा असतो, आणि त्याच वयाचा युरोपीय माणूस दहा-पंधरा वर्षांचा. वांशिक म्हणून नोंदलेल्या भेदाचा काही हिस्सा या जादा वर्षांचा असू शकतो आणि त्या वर्षांत मूत्रपिंडांनी सोसलेला मार रक्तातल्या साखरेच्या आजच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून घरात वृद्ध मधुमेही असलेल्या प्रत्येक कुटुंबाने आजार कोणत्या वर्षी कळला ते केसपेपरच्या पहिल्याच ओळीत लिहवून घ्यावे, आणि साखरेच्या तपासणीबरोबर वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन आणि कंबरेचा घेर यांचीही नोंद डॉक्टरांकडे आग्रहाने मागावी.